हिरडीतली गाठ

जिंतूरला माझा दातांचा दवाखाना आहे. येलदरीहून एक पेशंट आले, ते एक दाढ हलते म्हणून; त्यांना आणि त्यांच्या बायकोला मी मामा-मामी म्हणायचे. धरणात जाळं टाकून ते मासे धरायचे आणि मामी ते जिंतूरच्या बाजारात विकायच्या. मी दाढ काढली, गोळ्या लिहून दिल्या.

निघताना ते म्हणाले, "मॅडम, खालचा ओठ बधिर पडलाय. चहा सांडायलाय."

भुलीचं इंजेक्शन नुकतंच दिलं होतं. त्यामुळेच असेल, असं मी धरून चालले. ओठ कधीपासून बधिर आहे, हे विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी ते परत आले. दाढेच्या खड्ड्यातून बोराएवढं जांभळट मांस वर आलं होतं. तपासणीसाठी त्याचा तुकडा घेतला, तर रक्त थांबेना. पाऊण तास मी गॉज दाबून उभी होते. मामी दोनदा दारातून डोकावून गेल्या. शेवटी टाके घालून रक्त थांबलं. मग कळलं, दाढ काढण्याच्या महिनाभर आधीपासून ओठ तसाच होता.

तुकडा नांदेडला पाठवला. रिपोर्टात लिहिलं होतं : या पेशी जबड्याच्या नाहीत, यकृताच्या वाटतात, पोट तपासावं. यकृताचा कॅन्सर क्वचित जबड्यात उतरतो, हे कॉलेजात एका ओळीत शिकवलं होतं. परीक्षेत ते कधी विचारलं नाही आणि मीही विसरून गेले होते. पोट तपासलं, तर यकृतात मोठी गाठ निघाली. रक्तात बी प्रकारची कावीळ होती.

यकृत म्हणजे काळीज, असं समजावत दोघांना समोर बसवून सांगितलं.

"दारूचा थेंब घेतला न्हाई मी," मामा म्हणाले.

"दारूच लागते असं नाही, मामा. ही कावीळ वर्षानुवर्षं रक्तात राहते, कळत नाही. तिच्यानंही कॅन्सर होतो."

"पण काळीज इथं, अन् गाठ तोंडात?"

"रक्तातून जाते. बहुतेकदा फुप्फुसात, नाहीतर हाडात. जबड्यात फार कमी लोकांना होते."

मामा म्हणाले, "जलमभर मासे साफ केले. काळीज जागा सोडून गेल्यालं कवा बघितलं न्हाई."

"गप बसा," मामी त्यांना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "बरं व्हतंय का?"

"पूर्ण बरं होणार नाही. त्रास कमी करता येईल."

नांदेडला जबड्यावर रेडिएशनचा शेक दिला. गाठ आटली, रक्त येणं थांबलं. वरणात कालवलेला मऊ भात ते खाऊ लागले. दोन महिने धरणावरही गेले, पण जाळं त्यांचा भाऊ ओढायचा. मग पोटात पाणी झालं. ते घरीच वारले. मला आठ दिवसांनी, बाजारात मामी दिसल्यावर कळलं.

ओठाबद्दल मी वेळीच विचारलं असतं, तर तीन आठवडे आधी कळलं असतं. त्यानं फारसा फरक पडला नसता, असं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं. मी ते ऐकून घेतलं.

मामी आणि तिन्ही मुलांचं रक्त तपासायला मी लावलं. कावीळ थोरल्या मुलीच्या रक्तात निघाली. बाकीच्यांना लस दिली. तिचं यकृत अजून चांगलं आहे. दर सहा महिन्यांनी ती परभणीला सोनोग्राफी करून घेते आणि परतताना माझ्याकडे थांबून रिपोर्ट दाखवते. मी दातांची डॉक्टर आहे, हे तिला माहीत आहे. मी रिपोर्ट वाचते, ठीक आहे म्हणून सांगते, आणि ती येलदरीची बस धरते.