मंगलनं भरलेली मोटार

माझ्या बायकोला कुणी 'मोबाईलवाली मिस्त्रीण' म्हणून हसलं की माझं डोकं सणकतं. ती म्हणते, हसू द्या की, तुमचं काय जातंय? पण मला न्हाई जमत. कोण कोण हसलं ते माझ्या ध्यानात हाय. नावानिशी ध्यानात हाय.

मी परमेश्वर. शिरूर कासारपासून सहा किलोमीटरवर आमची वस्ती. अठरा वर्षं आमी ऊस तोडायला गेलो. दसरा झाला की मुकादमाच्या ट्रकात संसार टाकायचा अन् सांगलीकडं कारखान्याच्या माळावर पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, बांधून सहा महिने काढायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता, असं आमच्यात मोजतात. मी तोडायचो, मंगल मोळ्या बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायची. घाम दोघांचा, पण मुकादमाच्या वहीत नाव 'परमेश्वरचा कोयता'. एकट्यानं गेलं की अर्धा कोयता. आमची पोरगी, संस्कृती, माझ्या आईपाशी राहायची, दगडाबाईपाशी. सातवीत गेली, पण आईच्या हातची दिवाळी तिला ठाऊक न्हाई. मंगल हे कधी बोलून दाखवायची न्हाई. नुसती फोनवर विचारायची, फराळ केला का गं?

गेल्या सालची गोष्ट. फडात ऊस तोडून झाला की गाडी येईपर्यंत दुपारी दोन-तीन तास बसून राहावं लागतं. बाकीच्या बाया उवा काढायच्या, गप्पा हाणायच्या, न्हाईतर सावली बघून आडव्या व्हायच्या. मंगल मोबाईल घेऊन बसायची. मला वाटलं, असंल काही नाचगाणं. एक दिवस डोकावलो तर एक टकला माणूस मोटार उघडून तिच्या पोटातल्या तारा दाखवत होता.

"हे काय गं?"

"कोर्स हाय. पाण्यातली मोटार भरायचा. सहा आठवड्यांचा."

जळलेल्या मोटारीतली तार काढून नवी गुंडाळायची, त्याला आमच्याकडं मोटार भरणं म्हणतात. वस्तीतली मोटार जळली की बीडला न्यायची, तिथं मिस्त्री आठ-आठ दिवस हात लावत न्हाई, तवर इकडं पीक माना टाकतंय. हे सगळ्यांनी बघितलं होतं. पण त्यावर डोकं चालवलं मंगलनं.

मी हसलो, खोटं कशाला बोलू? म्हणलं, "पोहायलाबी मोबाईलातच शीक." कोर्स सगळा हिंदीत. ते टकले सर दर दोन मिनिटांनी "ध्यान से देखिए" म्हणायचे. ही खरंच ध्यान देऊन बघायची, परत मागं घेऊन बघायची. धडे ती रात्री माळावरच मोबाईलात उतरवून घ्यायची, पण परीक्षेला रेंज लागायची अन् फडात ती नसायची, म्हणून भरलेल्या ट्रॉलीच्या उसावर चढून परीक्षा द्यायची. पहिल्या परीक्षेत नापास झाली, कारण पंधरा प्रश्न होईतो ड्रायव्हरनं गाडीच हलवली! दुसऱ्या वेळी मी ट्रॅक्टरची चावी काढून खिशात घातली. ड्रायव्हर म्हणला, "काय बे, याड लागलं का?" मी म्हणलं, "दहा मिनिटं थांब, बाई पेपर सोडवतीय." त्या दिवशी पास झाली. मी पेढे वाटले असते, पण तिथं पेढे कुठले? उसाचं कांडं मोडून वाटलं.

गावाकडं आल्यावर भंगारवाल्याकडून एक जळकी मोटार आणली. तिथं खरी गंमत झाली. पाण्यातल्या मोटारीची तार प्लॅस्टिकच्या पापुद्र्यात असती. नवा एकेक फेरा हातानं ओढून खाचेतून ओवायचा. पापुद्र्याला जरा ओरखडा गेला की पाणी शिरलं, मोटार खल्लास. अन् मंगलचे हात उसाच्या पाचटानं चिरलेले, भेगाळलेले. तार तळहाताला अडकायची. कोर्समध्ये सगळं सांगितलं होतं, पण हाताला भेगा असल्या तर काय करायचं ते न्हाई सांगितलं. त्या सरांचे हात लोण्यावाणी मऊ. मग पंधरा दिवस ही कामाला हात न लावता नुसतं खोबरेल चोळत बसली. आई म्हणली, "सून म्हातारपणी नवरी व्हायला निघाली." पण सोळाव्या दिवशी तार सुळकन् सरकली.

एक झाली, दोन झाल्या, चार झाल्या. घरच्या बोअरच्या बारक्या मोटारी, पण चारही चालल्या. मग श्रावणात एके दिवशी भाकरी थापता थापता ती म्हणली, "यंदा मी कोयत्यावर येत न्हाई. हेच काम करू. तुमी मोटारी बोअरमधून काढायच्या अन् सोडायच्या, मी भरते."

म्हणजे मी हिचा हेल्पर. क्षणभर नाकाला झोंबलं. मग वाटलं, अठरा वर्षं ती माझी हेल्परच होती की. मी राधाकिशन मुकादमाला सांगितलं, यंदा आमचं येणं न्हाई. राधाकिशन लई पोचलेला माणूस. तो म्हणला, "खंडेनवमीपर्यंत तुझी जागा ठेवतो. काय सांगावं!"

भाद्रपदात सुंदररावआप्पांची मोटार जळली. आप्पा म्हणजे वस्तीतले मोठे शेतकरी, दहा वर्षं सरपंच होते, आवाज मोठा. साडेसात हॉर्सपॉवरची मोटार, वर मोसंबीची बाग. बीडचा मिस्त्री सापडंना. नाइलाजानं मोटार आमच्या अंगणात येऊन पडली. मंगलनं तीन दिवस खपून भरली. दुपारी बोअरमध्ये सोडली, बटण दाबलं, पाणी भसाभसा आलं. आप्पांनी नुसती मान हलवली. तेवढ्यानंच मी हवेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाईट आली अन् मोटार जळली.

आप्पा आमच्या दारात उभे राहून सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं ओरडले, "ऊसतोड्या बाईच्या हातात मोटार दिली, माझीच अक्कल गहाण पडलती!" मी कुदळीकडं गेलो. मंगलनं माझी बंडी मागून धरली. म्हणली, "आप्पा, मोटार इथं टाका. कावून जळली ते सांगते. दोन दिवस द्या."

त्या दोन दिवसांत अंगणात भरायला आलेल्या दोन मोटारी लोक परत घेऊन गेले. राधाकिशनचा फोन आला. "वहिनींनी भरलेली मोटार जळली म्हणं. जागा हाय हां अजून." मी फोन कापला अन् गोठ्यात जाऊन बसलो. संस्कृती मागं आली. "आप्पांची मोटार जळली म्हणून आई परत ऊस तोडायला जाणार का, बाबा?"

मंगलनं मोटार उघडली. आतल्या सगळ्या तारा सारख्या काळ्या झाल्या होत्या. तिनं कोर्सचा तेरावा धडा काढला. सर म्हणत होते, एकाच बाजूची तार जळली तर भरण्यात खोट, सगळ्या सारख्या जळल्या तर लाईट कमी पडली. तिनं त्या कोर्सच्या प्रश्नपेटीत प्रश्नबी टाकला. उत्तर आलं, 'आपका प्रश्न हमें मिल गया है.' बस. त्यावर आजपर्यंत काही न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाईट यायच्या टायमाला ती मला घेऊन डीपीपाशी, म्हणजे लाईटीच्या ट्रान्सफॉर्मरपाशी गेली. वस्तीतल्या अकरा मोटारी त्या एका डीपीवर. पण बोअरपाशी, डीपीपाशी माणूस एक न्हाई. असणार कसा? आमच्याकडं मोटार चालू करायला कुणी जातच न्हाई. लाईटीचा भरवसा नसतो, म्हणून सगळ्यांनी पेटीत ऑटो बसवलाय. लाईट आली की मोटार आपोआप चालू, मालक घरी चहा पीत बसलेला.

मंगलनं व्होल्ट मोजायचा मीटर धरला. लाईट आली, आप्पांची सोडून बाकीच्या दहा मोटारी एका दमात हुंकारल्या, अन् मीटरवरचा चारशेचा आकडा धाडकन् अडीचशेवर आला. मिनिटभर तसाच. आप्पांचं बोअर तर तारेच्या शेवटाला, तिथं आणखी कमी. मोटार फिरायला जोर लावती, फिरता येत न्हाई, अन् तापून जळती. दरसाल आमच्या वस्तीत चार-पाच मोटारी अशाच जायच्या. आमी म्हणायचो, नशीब खराब.

"सरांच्या गावात माणूस बटण दाबतो," मंगल म्हणली. "आपल्या गावात लाईटच बटण दाबती. अन् मी नुसतं भरायचं बघितलं. मोटार चालणार कुठं, कशी, ते विचारलंच न्हाई. चूक माझी हाय."

ही अशी बाई! मी तिच्या जागी असतो तर सगळं खापर डीपीवर फोडून मोकळा झालो असतो. ती डोक्यावर पदर घेऊन आप्पांच्या ओट्यावर गेली. अकराही मालक बोलावले. जे बघितलं ते सांगितलं, आपली चूकबी सांगितली. मग म्हणली, "प्रत्येकानं ऑटोला टायमर लावायचा. अर्ध्या-अर्ध्या मिनिटानं एकेक मोटार चालू झाली पाहिजे. आप्पांची मोटार मी परत भरून देते, मजुरी न्हाई."

झालं! पहिला नंबर कुणाचा यावरून जुंपली. भावकीतली माणसं एकमेकांच्या अंगावर धावली. आप्पांनी मिशीवर हात फिरवला. "पहिली माझी. त्यात इचारायचं काय?"

"न्हाई आप्पा. तुमची शेवटी."

सुंदररावांना 'शेवटी' म्हणणारं माणूस त्या वस्तीत अजून जन्मलं नव्हतं.

"तुमची मोटार मी भरणार हाय," मंगल म्हणली. "दहा मोटारी चालू असताना, तारेच्या शेवटाला, ती उचलली पाहिजे. पहिली लावली तर कुणाचीबी चालंल, त्यात माझं काय? अकरावी लावा. जळली तर दसऱ्याला मी मुकादमाच्या गाडीत बसते अन् परत मोटारीला हात लावत न्हाई."

मी मनात म्हणलं, ही जीभ हाय का कोयता? पण आप्पा मिशीवरचा हात काढून म्हणले, "लाव अकरावी."

टायमर यायला, बसवायला अन् मोटार भरायला वेळ गेला. सगळं जुळून आलं ते खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला लाईट यायची होती.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. दरसाल मंगल माळ्यावरनं पोत्यात गुंडाळलेले दोन कोयते काढायची, मी ते घासून धार लावायचो, पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचो, अन् दसरा झाला की निघायचो. त्या दिवशी उठल्यापासून मला दुसरं काही सुचत न्हवतं. मी मंगलला म्हणलं, "चल, आप्पांच्या बोअरपाशी. सगळी वस्ती जमलीय."

"तुमी जा. मला पूजा हाय."

"अगं, आज सगळं ठरणार हाय!"

"जा म्हणते ना. अन् येताना हळद आणा, संपलीय."

मी एकटाच गेलो. आप्पांच्या बोअरपाशी गर्दी. राधाकिशनबी आलेला, हाताची घडी घालून. साडेआठला लाईट आली. पहिली मोटार हुंकारली. अर्ध्या मिनिटानं दुसरी. पोरं मोठ्यानं मोजायला लागली. सात, आठ, नऊ. दहावीनंतरचं ते अर्धं मिनिट मी कधी विसरायचा न्हाई. मी डोळेच मिटले. मग खालून घरघर आली, पाइपानं आधी हवा सोडली, अन् पाणी आलं. आप्पा हौदापाशी उभे होते, ते भिजले, पण हलले न्हाईत. आमी अर्धा तास थांबलो. मोटार एका सुरात चालली होती. आप्पा वळून राधाकिशनला म्हणले, "मुकादम, उगं ताटकळू नका. ही जोडी येत न्हाई."

मी फोन लावला. "मंगल, आलं! पाणी आलं!"

"मग येणारच की. मला सांगता कावून?" तिकडून ती म्हणली. "हळद घेतली का?"

पळत घरी आलो. दारात संस्कृतीनं रांगोळी घातली होती. आत पाट मांडलेला, धुऊन पुसून, कुंकू वाहून. पाटावर पक्कड होती, मीटर होता, तारेचं बंडल होतं, अन् मधोमध तिचा तडा गेलेला मोबाईल. कोयते न्हवते. मी वर माळ्याकडं बघितलं. पोतं तसंच, सुतळीची गाठबी सोडलेली न्हाई, अन् पाटापुढची उदबत्ती कवाच जळून संपलेली. म्हणजे लाईट यायच्या आधीच, माझा फोन यायच्या आधीच तिनं पाट मांडला होता.

मी उंबऱ्यात बसलो अन् रडलो. सांगायला लाज कसली? आई म्हणली, "आता काय झालं ह्याला?" संस्कृती माझ्या हातांकडं बघत होती. "बाबा, हळद कुठंय?"

हळद विसरलीच होती. तोंड पुसून मी परत दुकानाकडं निघालो.