सासूबाई आणि बारा व्होल्ट

लग्न झालं तेव्हा माझ्याकडे घर नव्हतं, बस होती. तीही माझी नव्हती. नव्वद सालानंतरच्या त्या दिवसांत मी जत तालुक्यात विहिरींच्या पाण्याची पाहणी करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला होतो. गावोगावी मुक्काम करावा लागे. म्हणून संस्थेनं एका जुन्या मिनीबसमधल्या सीटा काढून झोपायला दोन बाकं, स्टोव्हपुरता ओटा आणि पाण्याची टाकी बसवून दिली होती. गावाबाहेर एखाद्या कडुलिंबाखाली गाडी उभी केली की झालं आमचं घर.

वीज मात्र मी स्वतः बसवली होती आणि त्याचा मला भारी गर्व होता. वायरमनचा कोर्स मी अर्धवट सोडला होता, पण उरलेला अर्धा आपल्याला उपजतच येतो, असा माझा समज होता. गाडीची बॅटरी इंजिन चालू करायला. घरासाठी तसलीच दुसरी बारा व्होल्टची बॅटरी मिरजेहून आणली. तिच्यावर ट्रकचे दोन छोटे दिवे, ड्रायव्हरच्या केबिनमध्ये असतो तसला पंखा आणि एक टेपरेकॉर्डर. गाडी पळाली की बॅटरी भरायची, थांबली की रिकामी व्हायला लागायची.

त्यामुळे मी घरातला वीजमंत्री झालो. पंखा आणि टेप एकदम लावायचा नाही. पोळ्या होईपर्यंत स्टोव्हकडचा दिवा, जेवताना बाकावरचा. बायकोनं दिव्याखाली मासिक उघडलं की मी घसा खाकरायचो. तिनं यावर उपाय काढला होता. गाणी ऐकावीशी वाटली की म्हणायची, "अहो, जतला जाऊन कोथिंबीर आणू या." जाऊन येईपर्यंत बॅटरी भरायची. त्या उन्हाळ्यात आम्ही जेवढी कोथिंबीर खाल्ली तेवढी कुणी पिकवलीही नसेल.

अशात सासूबाई येणार असल्याचा निरोप आला. सासूबाई वाईच्या. मुलीनं बसमध्ये संसार मांडलाय हे त्यांनी वाईत कुणाला सांगितलं नव्हतं. सासऱ्यांनी त्यांना बजावून पाठवलं होतं, "बघून ये. बरं नसेल तर सरळ घेऊन ये तिला." हे मला बायकोनंच सांगितलं, आणि सांगताना ती जरा जास्तच खुशीत होती.

मी कामाला लागलो. कंदील घरात दिसला तर आपली अब्रू जाईल म्हणून तो गाडीच्या टपावर नेऊन ताडपत्रीखाली दडवला. काड्यापेटी तेवढी ठेवली, कारण स्टोव्ह बॅटरीवर चालवायचं मला अजून जमलं नव्हतं.

संध्याकाळी सासूबाई आल्या. मी दोन्ही दिवे लावले, पंखा लावला, वर टेपही लावला. बायको माझ्याकडे बघतच राहिली.

"इथं लाइट कधी जात नाही वाटतं?" सासूबाईंनी विचारलं.

"आपली स्वतःची आहे ना," मी म्हणालो.

पानं वाढली तेव्हा दिवा पिवळा पडला होता. भाजी वाढेपर्यंत तो हळदीच्या रंगाचा झाला. टेपमधली बाई गाता गाता जड होत गेली आणि शेवटी चक्क पुरुषाच्या आवाजात गाऊ लागली.

"सर्दी झालीय का हिला?" सासूबाई म्हणाल्या.

मी हसत उठलो आणि पुढे जाऊन गाडीची बॅटरीही घराला जोडून टाकली. एकदम लख्ख उजेड! सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "हुशार आहेत हो जावई." त्या एका वाक्यावर मी आणखी तासभर सगळं चालू ठेवलं. जेवणं झाली तरी गप्पा रंगल्या आणि टेप उलटून पुन्हा लावला. मग पंखा थांबला, गाणं थांबलं आणि दोन्ही दिवे गेले.

अंधारात बायकोचा शांत आवाज आला, "आई, जागची हलू नकोस. हे टपावर चढताहेत. कंदील तिथं राहतो आमचा."

मी चढलो, नडगी फोडून घेतली आणि कंदील घेऊन उतरलो. त्या उजेडात सासूबाईंचा चेहरा बघायचं मला धाडस होईना. त्या मात्र खुदकन हसल्या. "वाईलाही लाइट जातेच हो, जावईबापू. पण तिथं दुसऱ्याला शिव्या देता येतात. इथं तुम्हालाच द्याव्या लागतील."

सकाळी त्यांना जतहून एसटी धरायची होती. मी किल्ली फिरवली. गाडीनं हूं की चूं केलं नाही. घराचा थाट करण्यात मी गाडीचाही जीव घेतला होता.

बायकोनं पदर खोचला. सासूबाईंनीही खोचला. मी "अहो, तुम्ही नको" म्हणेपर्यंत त्यांनी मागून खांदा लावलासुद्धा. मेंढरं घेऊन निघालेले दोन धनगर थांबले.

"आवं मावशी, तुमी सरा बाजूला," एक म्हणाला. "सायेब, गाडीत डिझेल न्हाई व्हय?"

"करंट न्हाई," बायकोनं त्याच्याच भाषेत उत्तर दिलं. "काल जावयानं समदा सासूला वाढला."

धनगर लय हसले. सासूबाई तर ढकलता ढकलता खाली बसल्या. गाडी उतारावर आली, मी गिअर टाकला आणि इंजिन धडधडलं. मागून तिघा-चौघांचा ओरडा ऐकू आला. थांबायची भीती वाटत होती, म्हणून मी दोघी मायलेकींना गाडी न थांबवताच आत घेतलं. वाईच्या सासूबाई धावत्या बसमध्ये चढल्या, तेही जावयाच्या.

जतच्या स्टँडवर मी इंजिन बंद न करता उतरलो आणि विचारलं, "मग, हिला नेणार का?"

"कशाला? बऱ्याच वर्षांत एवढी हसले नव्हते मी. राहू दे तिला." मग लेकीकडे वळून त्या म्हणाल्या, "यांना मात्र वायरला हात लावू देऊ नकोस."

लेकीनं ते अक्षरशः मानलं. पुढे पाहणीचं काम संपेपर्यंत बॅटरीचं खातं तिच्याकडे होतं आणि मला घसा खाकरायचीही परवानगी उरली नव्हती. नंतर आम्ही सांगलीत दोन खोल्या घेतल्या. पहिल्याच दिवशी तिनं भर दुपारी घरातले सगळे दिवे लावले आणि शेजारणीची ओळख करून घ्यायला निघून गेली. मी बटणांपाशी उभा राहिलो. हात सारखा वर जात होता, पण सासूबाईंची आज्ञा होती.