फोन येईल म्हणून

आमचे हे शहागंजमधल्या एका शेअर दलालाच्या ऑफिसात आहेत. काम फोन करायचं. उधारीवर घेतलेल्या गिऱ्हाइकाच्या शेअरचा भाव पडला की ह्यांनी त्याला कळवायचं, "काका, संध्याकाळच्या आत पैसे भरा, नायतर शेअर विकावे लागतील." लासूर स्टेशनचा एक आडत्या तर असा फोन गेला की चेक घेऊन धावत यायचा. तासभर भांडायचा, चहा प्यायचा आणि त्याचे शेअर वाचायचे.

माझ्या माहेरच्या प्लॉटचे पैसे आम्ही घरासाठी राखून ठेवले होते. आम्ही भाड्यानं राहतो तेच घर मालक विकत होते. मालक म्हणजे निवृत्त गुरुजी. जास्त भाव देणारा एकजण दारात उभा होता, तरी ते आमच्यासाठी थांबले होते. रजिस्ट्री सोमवारी ठरली.

तोवर पैसे नुसते पडून कशाला राहू द्यायचे, असं ह्यांच्या डोक्यात शिरलं. ह्यांनी त्या पैशांची क्रिप्टो नाणी घेतली, ती गहाण टाकली आणि मिळालेल्या कर्जातून आणखी नाणी घेतली. गहाण कुणाकडं, तर कुणाकडंच नाही! म्हणे एक प्रोग्राम असतो, तोच कर्ज देतो आणि तोच वसूल करतो. मला ऐकूनच धडकी भरली.

"भाव पडला तर?" मी विचारलं.

"पैसे भरायचे. जन्म गेला माझा ह्यात."

"आणि कळवणार कोण?"

"फोन येतोच की गं. लई घाबरतीस तू."

सोमवार तोंडावर आला तरी नाणी विकायला ह्यांचा हात होईना. भाव थोडा उतरला होता, तो वर आला की विकू म्हणाले. रविवारी कन्नडला ह्यांच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. मंगल कार्यालयात लाइट नव्हती आणि ह्यांच्या मोबाइलची बॅटरी उतरत चालली होती. तेव्हा ह्यांनी रिंगचा आवाज मोठा केला आणि इंटरनेट बंद केलं.

"अहो, एकदा उघडून भाव तरी बघा."

"बॅटरी संपली तर फोन कसा यायचा?"

मंगलाष्टकं चालू होती आणि आमचे हे मोबाइल मुठीत धरून उभे. माझ्या हातातल्या अक्षता घामानं चिकटल्या होत्या. पंगतीत ह्यांनी मोबाइल पत्रावळीशेजारी ठेवला. जिलबीला हात लावला नाही. कुणी थट्टा केली तर हसलेसुद्धा नाहीत. तेव्हाच मला कळलं, की माझ्यापेक्षा हेच जास्त भ्यालेत.

परतीच्या एसटीत, वेरूळ मागं पडल्यावर ह्यांनी इंटरनेट चालू केलं. अॅपमधला आकडा बघितला. मग मिस्ड कॉल उघडून बघितले. तिथं कुणीच नव्हतं. पुन्हा अॅप, पुन्हा मिस्ड कॉल. आम्ही जेवत होतो तेव्हा भाव आणखी पडला होता आणि त्या प्रोग्रामनं गहाण नाणी थोडी थोडी करून विकून टाकली होती. उरलं होतं त्यात रजिस्ट्रीचा खर्चसुद्धा निघाला नसता.

"माणसाला एकदा विचारत तरी असतेत," हे म्हणाले. "आमच्याकडं असं कधी होत नाय."

मला भांडायचं होतं, अगदी घसा फोडून भांडायचं होतं. पण ह्यांचा चेहरा बघून मी खिडकीची काच ओढून घेतली. त्या आडत्याला निदान शहागंजचा जिना तरी होता, चढून जाऊन ओरडायला. आम्ही कुठं जाणार होतो?

स्टँडवर उतरलो आणि मोबाइल वाजला. ह्यांनी नाव बघितलं आणि तो माझ्या हातात दिला. गुरुजी होते.

"ताई, उद्या किती वाजता निघायचं? त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला मी आत्ताच नाही म्हणून सांगून टाकलं."

"दहाला," मी म्हटलं.