अठ्ठावीस नंबरची काठी

सेवा मंडळाच्या दाराशी एक फळा आहे. दर महिन्याच्या एक तारखेला त्यावर पुढचे कार्यक्रम लिहितात. त्या महिन्यात चार ओळी होत्या. पहिल्या रविवारी रक्तदान, दुसऱ्या रविवारी शाळेच्या बाकांना रंग, तिसऱ्या रविवारी काठी तपासणी आणि चौथ्या रविवारी वार्षिक सभा. येणारेजाणारे तिसऱ्या ओळीपाशी थबकायचे आणि हसायचे. डोळे तपासतात, दात तपासतात. काठीत तपासण्यासारखं असतं काय?

ही कल्पना मापमावशींची.

मावशींनी चाळीस वर्षं शाळेच्या मुलांचे गणवेश शिवले. मंडळातल्या निम्म्या सभासदांची पहिली चड्डी त्यांच्याच मशिनीखालून गेलेली. त्यामुळे भर सभेत कोणी फार ताठ्याने बोलायला लागला की मावशी नुसत्या त्याच्याकडे बघायच्या, आणि त्याला आपले उघडे गुडघे आठवायचे. मशीन बंद केली तरी गळ्यातली टेप काही सुटली नाही. ती टेप घेऊनच त्या मंडळात आल्या आणि पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी साहित्याची खोली सुरू केली.

सभागृहाच्या मागच्या अंगाला ही खोली. तिथे चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या आणि भिंतीला ओळीने टेकवलेल्या काठ्या. ज्याला लागेल त्याने न्यावं, काम झालं की परत आणावं. वेळ चार ते सहा. किल्ली मावशींच्या कमरेला, पांढऱ्या नाडीत ओवलेली.

खोली उघडली तेव्हा एका डॉक्टरांनी त्यांना काठीचं माप घ्यायला शिकवलं होतं. ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचे, आणि जमिनीपासून मनगटाच्या हाडापर्यंत जेवढं भरेल तेवढी काठी. एवढंच. पण माणसं एवढंही सरळ करतात तर ना. आत येताना आदराने चपला बाहेर काढून यायची.

"चपला घालून या," मावशी म्हणायच्या. "रस्त्यात काय अनवाणी चालणार आहात?"

मग टेप खाली सोडली की माणूस वाकून बघणारच. आणि वाकला की माप गेलं.

"खाली बघू नका. खाली मी बघते. तुम्ही खिडकीकडे बघा."

हे वाक्य त्यांनी पंचवीस वर्षांत किती वेळा म्हटलं असेल याचा हिशेब नाही. काठीला एकेक इंचावर भोकं असतात. मावशी मापाच्या भोकात खटका बसवायच्या, मुठीवरून एकदा फडकं फिरवायच्या आणि वही उघडायच्या. वहीत नोंद झाल्याशिवाय खोलीतून कापसाचा बोळासुद्धा बाहेर जायचा नाही. नंबर, नाव, कशासाठी, परत कधी. शेवटच्या रकान्याला लोक अडायचे.

"मावशी, आता ते कसं सांगू?"

"तारीख नको मला. स्वतःच्या पायांनी आणून द्या म्हणजे झालं."

आणि लोक आणायचेही. दारापासून खिडकीपर्यंत मावशी त्यांना एक फेरी मारायला लावायच्या आणि मग परतीच्या रकान्यात खूण करायच्या. कधीकधी मात्र काठी घेऊन मुलगा यायचा, नाहीतर लेक, आणि दारात नुसती उभी राहायची. मावशी काही विचारायच्या नाहीत. काठी हातात घ्यायच्या, पुसायच्या, खुर्ची पुढे करायच्या. खूण त्या तेव्हाही करायच्या, पण काठी आणणारं माणूस दाराबाहेर पडल्यावर.

अशा या मावशींचा उजवा गुडघा सहा महिन्यांपासून कुरकुरत होता.

आधी त्यांनी त्याला दाद दिली नाही. मग जिना नको वाटायला लागला, मग उंबरा. आणि त्याच सुमारास मंडळाचे अध्यक्ष एका संध्याकाळी खोलीत येऊन बसले. अध्यक्षांचं औषधांचं दुकान आहे. माणूस लोण्यासारखा मऊ, कोणाचं मन मोडायची वेळ आली तर स्वतःच आजारी पडेल असा.

"मावशी, सभेच्या दिवशी पंचवीस वर्षं पुरी होतायत," ते म्हणाले. "तुमचा सत्कार करायचं ठरलंय. आणि मग... म्हणजे तुमची हरकत नसेल तर... आता थोडा आराम करा. किल्ली एखाद्या नव्या सभासदाकडे देऊ. किती दिवस ओझं वाहणार?"

"दीड तोळ्याची किल्ली आहे. मला कुठे जड झालीय?"

"नाही, तसं नाही हो. तुम्ही धडधाकट आहात तोवर प्रश्नच नाही."

अध्यक्ष निघून गेले, पण ते "तोवर" खोलीतच राहिलं. दुपारी चार वाजले की जगात कुठेतरी आपली वाट बघणारं दार आहे, हे मावशींना घड्याळापेक्षा पक्कं ठाऊक होतं. ते दार गेलं तर चार वाजता करायचं काय?

म्हणून त्यांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. भिंतीची अठ्ठावीस नंबरची काठी जुन्या पडद्यात गुंडाळून घरी नेली. वहीत नोंद न करता.

काठी कपाटामागे राहायची. घरात कोणी नसलं की बाहेर निघायची. मंडळात जाताना मात्र मावशी भिंतीच्या, कुंपणाच्या, ओळखीच्या माणसांच्या आधाराने जायच्या. कोणी भेटलं की थांबून गप्पा मारायच्या, म्हणजे पायाला विसावा. "मावशी हल्ली फार बोलतात," असं गल्लीत झालं.

खटका त्यांनी बत्तीस इंचाच्या भोकात बसवला होता. डॉक्टरांनी शिकवताना नमुना म्हणून त्यांचंच माप घेतलं होतं, ते बत्तीस. आकडा पाठ होता. आणि स्वतःचं माप घ्यायचं तर वाकावं लागतं, वाकलं की माप जातं, त्यामुळे पुन्हा घ्यायची सोयच नव्हती. महिनाभरात गुडघा थोडा सावरला, पण खांदा धरला आणि मनगट ठणकायला लागलं. वयाला बोल लावून मावशी गप्प बसल्या.

काठी तपासणीच्या आदल्या दिवशी अध्यक्ष आणि सुतार खोलीतलं सामान मोजत होते. हा सुतार म्हणजे मंडळाचा उजवा हात. पन्नाशीला आलेला, डोळ्यांवर चष्मा, कानावर पेन्सिल. काठ्यांच्या टोकाचे रबरी बूट बदलणं, खुर्च्यांची चाकं बसवणं हे सगळं तो करायचा. मावशी त्याला 'अरे' म्हणायच्या, कारण त्याच्या फाटक्या खिशांना त्यांनी सहा वर्षं ठिगळं लावली होती.

"मावशी, अठ्ठावीस नंबर दिसत नाही," अध्यक्ष म्हणाले. "वहीतही नाही."

मावशी उगाच वही चाळायला लागल्या. "असेल इथेच. बघते मी."

"तुमच्या खोलीतून काठी हरवली?" अध्यक्षांना खरंच नवल वाटलं होतं. "कोणी न सांगता नेली असणार. असे लोक असतात."

"असतात," मावशी म्हणाल्या आणि खिडकीकडे बघायला लागल्या. सुताराने चष्म्यावरून एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मोजायला लागला.

रविवारी सभागृह भरून गेलं. हसणारे सगळे आपापल्या काठ्या घेऊन आले होते. कोणाची वडिलांची, कोणाची छत्रीचीच काठी झालेली, एका बाईंच्या हातात तर झाडूचा दांडा. बूट इतके झिजलेले की लाकूड फरशीवर टकटक वाजत होतं. मावशी माप घेत होत्या, सुतार शेजारच्या टेबलावर करवत घेऊन बसला होता, आणि अध्यक्ष नावं लिहीत होते.

बँडमास्तर म्हणून ओळखले जाणारे एक गृहस्थ छाती काढून पुढे आले.

"ही काठी वीस वर्षं वापरतोय. तक्रार नाही."

"काठी कशाला तक्रार करेल? खांदा काय म्हणतो?"

बँडमास्तरांनी खांदा चोळला. "उजवा जरा धरतो. पण ते वय झालं म्हणून."

"वय डाव्या खांद्याचं नाही झालं वाटतं?" मावशी म्हणाल्या आणि हॉल हसला. "तीन इंच उंच आहे काठी. दिवसभर खांदा वर उचलून चालता तुम्ही. काप रे."

हे बोलताना त्यांचा स्वतःचा उजवा खांदा कानाशी चालला होता आणि डाव्या हाताने त्यांनी टेबलाची कड धरली होती. सकाळपासून त्या तशाच उभ्या होत्या. खुर्ची तीनदा पुढे आली, तीनदा त्यांनी ती दुसऱ्या कोणाला दिली.

अकराच्या सुमाराला त्यांची सून दारात दिसली. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कामाला. कमी बोलणारी, आणि जे बोलेल ते सगळ्यांना ऐकू जाईल असं. तिच्या हातात अठ्ठावीस नंबरची काठी होती.

"आई," ती लांबूनच म्हणाली, "तुमची काठी घरीच राहिली."

झाडूचा दांडा घेऊन आलेल्या बाईसुद्धा वळून बघायला लागल्या. सून सरळ पुढे आली, काठी टेबलावर ठेवली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "चार महिने बघतेय मी. कपाटामागून केर काढते ना रोज. आज तीन तास उभ्या राहणार म्हणालात, मग मला राहवलं नाही."

अध्यक्षांनी काठी उचलली. मुठीखाली पांढऱ्या रंगात २८ लिहिलेलं होतं, मावशींच्याच अक्षरात. त्यांनी आकडा वाचला, मावशींकडे पाहिलं, पुन्हा आकडा वाचला.

"मावशी, ही..."

"मीच नेली," मावशी म्हणाल्या. "न सांगता. असे लोक असतात." त्यांनी कमरेची किल्लीची नाडी सोडवली आणि किल्ली वहीवर ठेवली. "सभेपर्यंत थांबायला नको."

किल्लीला कोणी हात लावला नाही. सुतार करवत ठेवून उठला. टेबलाला वळसा घालून आला आणि काठी फिरवून बघत म्हणाला, "तपासणीला आलेली काठी आहे. तपासायची की नाही? टेप द्या इकडे."

"तुला कुठे माप घेता येतं?"

"सोळा वर्षं बघतोय की. चपला घाला."

मावशींच्या चपला टेबलाखाली होत्या. त्यांनी त्या पायांत सरकवल्या. सुतार गुडघ्यावर बसला. टेपेचं टोक फरशीला लागलं आणि मावशी वाकल्या.

"खाली बघू नका," सुतार म्हणाला. "खाली मी बघतो. तुम्ही खिडकीकडे बघा."

बँडमास्तर पहिले हसले. मग सगळेच. मावशींनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर काही नव्हतं, एक भिंत आणि तिच्यावर कोणाची तरी सायकल. पण त्या बघत राहिल्या.

"तीस," सुतार म्हणाला.

"बत्तीस आहे माझं. नीट धर."

"तीसच आहे."

"पंचवीस वर्षांपूर्वी डॉक्टरांनी घेतलंय."

"मग पंचवीस वर्षांपूर्वीच्या बाईला द्या ती काठी."

"दोन इंच गेले कुठे मग?"

"शिवणीत गेले असतील. तुम्हीच सांगायचात ना आमच्या आयांना, धुतल्यावर कापड थोडं आटतं म्हणून?"

मावशींना हसू आवरेना. हसताहसता डोळे भरले, ते त्यांनी टेपेच्या टोकाने टिपले. सुताराने खटका दोन भोकं खाली सरकवला, टोकाला नवा बूट चढवला आणि काठी हातात दिली. त्या दारापर्यंत गेल्या आणि खिडकीपर्यंत आल्या. फेरीच्या मध्यावर कुठेतरी खांदा खाली आला, तो सगळ्यांना दिसला. मनगटाचा ठणका तर पहिल्या चार पावलांतच कमी झाला.

"मेले ते चार महिने," त्या पुटपुटल्या.

आता अध्यक्षांची पाळी होती. त्यांनी वही पुढे ओढली. किल्ली त्यांनी हलकेच बाजूला सारली, म्हणजे लिहायला जागा व्हावी. "नोंद तर करावी लागेल, मावशी. नियम तुमचाच आहे. नंबर अठ्ठावीस. नाव माहीत आहे. कशासाठी?"

"उजवा गुडघा."

"परत..." अध्यक्ष अडखळले. समोरचा रकाना त्यांना एकदम फार मोठा वाटला असावा. "परत कधी आणणार?"

मावशींनी काठी फरशीवर टेकवली.

"उद्या चारला," त्या म्हणाल्या. "स्वतःच्या पायांनी. परवाही आणीन, तेरवाही आणीन. रविवारी खोली बंद असते."

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. किल्ली उचलली, नाडीची गाठ नीट आहे ना ते पाहिलं आणि दोन्ही हातांनी मावशींना दिली.

"मग कोणीतरी खोली उघडायला हवी चारला," ते म्हणाले.

"अहो, ते मला काय सांगता? रांग बघा केवढी राहिलीय." मावशी या वेळी खुर्चीवर बसल्या. काठी मांडीला टेकवली आणि झाडूचा दांडा घेऊन आलेल्या बाईंना खूण केली. "या. आणि चपला घालून या."

पुढच्या रविवारी सभा झाली. सत्काराला मावशी काठी टेकत व्यासपीठावर चढल्या आणि अध्यक्षांच्या भाषणाची वेळ घड्याळ लावून मोजत बसल्या. आराम हा शब्द भाषणात आला नाही.

वही अजून तीच चालू आहे. अठ्ठावीस नंबरची नोंद शोधायची तर सोपी आहे. परतीच्या रकान्यात बाकीच्यांसमोर एकेक खूण असते, तिथे खुणांचं पान भरून गेलंय आणि मावशींनी दुसरं कोरं पान डिंकाने चिकटवलंय. रोज चार वाजता एक खूण. रविवार सोडून.