बोटांची फट

माझी मावशी हट्टी आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून मला बोल लावू नका. तिची ज्यू मुलांची बालवाडी एका लांबट खोलीत भरते. बारा वर्षं मी तिच्या हाताखाली आहे आणि बारा वर्षं आमचं एकाच आकड्यावरून वाजतं.

दर शुक्रवारी सकाळी अकराला आम्ही शब्बाथ-शब्बाथ खेळतो. खरा शब्बाथ, म्हणजे आमचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, संध्याकाळी घरोघरी सुरू होतो; हा त्याचा लुटुपुटीचा. एक पोर आई होतं, एक बाबा. कापडाचा पाव, त्याला तीन पदरांची वेणी घातलेली. लाकडाच्या दोन मेणबत्त्या आणि पिवळ्या लोकरीच्या ज्योती. सगळं मावशीने हाताने केलेलं. चिमुकल्या पेल्यांत द्राक्षाचा रस, तेवढा मात्र खरा. मग दिवे लावायचे, म्हणजे ज्योती खोचायच्या, सगळ्यांनी दोन्ही हातांनी डोळे झाकायचे आणि हिब्रूतली प्रार्थना म्हणायची. ती संपली की हात बाजूला. शब्बाथ आला! पोरं अशी किंचाळतात की शेजारच्या शिंप्याची कात्री थांबते.

मावशी डोळे झाकत नाही. हात वर नेते, पण बोटांत फट ठेवते आणि त्या फटीतून मुलं मोजते. तिचा आकडा नेहमी एकने जास्त येतो.

"बारा," मी म्हणायची.

"तेरा."

"अगं मावशी, हजेरी बघ की! बारा!"

"हजेरी तू बघ. मी मुलं बघते."

आणि ती एक पेला जास्तीचा भरायची. खेळ संपला की तो मी मोरीत ओतायची. एवढा चांगला रस, दर आठवड्याला! साडेबाराला शाळा सुटली, शेवटचं पोर आईच्या कडेवर बसून गेलं, की ही बया दारातल्या पायरीवर बसून राहणार. अर्धा तास. उन्हात.

"चल ना. सगळी गेली."

"थांब गं. एकीला न्यायला यायचंय अजून."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा अंगावर सरसरून काटा आला होता. नंतर सवय झाली. तरी त्या अर्ध्या तासात मी रिकाम्या खोलीकडे पाठ करून उभी राहत नाही, हेही खरं.

कोणाला न्यायला यायचंय ते आमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे. बोलत कोणी नाही. एकतीस वर्षांपूर्वी मावशीच्या वर्गात एक चार वर्षांची मुलगी होती. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. त्या शुक्रवारी मावशीचा आवाज सुरेख लागला होता. तिचे डोळे झाकलेले, मुलांचेही झाकलेले. शेवटची ओळ तिने पुन्हा घेतली. उगाच, गोड वाटली म्हणून. हात काढले तर भिंगरीची चटई रिकामी. अंगणाच्या फाटकाची कडी सैल होती. कोपऱ्यावर एक ट्रक मागे येत होता.

याहून जास्त मावशी कधी बोलली नाही. एकदाच म्हणाली, "ती ओळ परत घेतली नसती ना, तर फाटकापाशीच सापडली असती मला."

भिंगरीच्या आईने एका शब्दाने दोष दिला नाही. तिने फक्त आमच्या गल्लीत पाऊल टाकणं बंद केलं. बाजारातून घरी जाताना लांबचा वळसा घ्यायची. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मावशीला वाटायचं. तिने आलेलं स्थळ परत पाठवलं, कडी बदलली, कडीवर आणखी एक कडी बसवली आणि डोळ्यांत तेल घालून पोरं राखली.

या वर्षी ती आई आली. केस पांढरे झालेले, बोटाला साडेतीन वर्षांची नात. मावशीच्या हातातला कापडी पाव खाली पडला.

"नात आहे. धाकट्याची. नाव घालायचंय."

"मी नाही घेणार," मावशी म्हणाली. "हात जोडते तुमच्यापुढे. तुमच्या घरचं मूल पुन्हा माझ्यावर सोडू नका. हवं तर शाळाच बंद करते उद्यापासून."

आणि ती बंद करणारी बाई आहे.

भिंगरीची आई पोरांच्या बुटक्या खुर्चीवर बसली. "आमची सून तुमच्याच हाताखाली शिकलेली. लग्न होऊन आली, पहिल्या शुक्रवारी दिवे लावले, बघते तर बोटांत फट! म्हटलं, हे गं काय? तर म्हणे, आई, असंच करतात, बाईंनी शिकवलंय. मी चार घरी जाऊन बघितलं. तिशीच्या आतल्या सगळ्या पोरी तशाच! फटीतून बघत दिवे लावतात, आणि त्यांना वाटतं हीच रीत."

मला फसकन हसू आलं आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तेव्हा कळलं मला," ती म्हणाली, "तुम्ही अजून मोजताय."

मावशीने पडलेला पाव उचलून झटकला.

"नातीला नीट शिकवा. पूर्ण डोळे झाकून."

"मला नाही जमायचं हो."

"जमेल. मी फाटकात उभी राहते, कडी धरून. तुम्ही झाका."

शुक्रवारी ती खरोखर उभी राहिली. या वर्षी पोरं कमी, नातीला धरून नऊ. मावशीने पेले मांडले दहा. नात आई झाली होती, भलत्याच ऐटीत. ज्योती खोचल्या. मावशीने हात डोळ्यांवर नेले. बोटं एकेक करून जुळली, शेवटी करंगळीसुद्धा.

आणि तिने आवाज सोडला. बारा वर्षांत मी तो असा ऐकला नव्हता. एक डोळा मुलांवर ठेवून कोण गाणार? शेवटची ओळ आली. तिने ती पुन्हा घेतली.

माझा जीव टांगणीला. मी फाटकाकडे बघितलं. आता जे पाहिलं तेवढंच सांगते, पदरचं काही घालत नाही. भिंगरीच्या आईचा एक हात कडीवर घट्ट होता. ती आपल्या गुडघ्यापाशी खाली बघत होती. दुसरा हात तिने खाली सोडला, आणि मूठ हळूच मिटली. आत काहीतरी असावं तशी.

"शब्बाथ आला!"

मावशीने डोळे उघडले. बोटाने मोजलं. परत मोजलं.

"नऊ."

"नऊच," मी म्हणाले. जन्मात पहिल्यांदा आमचा आकडा जुळला. वाटलं, हसेल. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि मुलांसमोर ढसाढसा रडली. नातीने लोकरीची ज्योत काढून तिच्या मुठीत कोंबली.

साडेबाराला सून येऊन नातीला घेऊन गेली. भिंगरीची आई मघाशीच पुढे गेली होती, मूठ तशीच मिटलेली. जास्तीचा पेला तसाच भरलेला होता. या खेपेला तो मला ओतवेना. मी पिऊन टाकला. मावशी कुलूप शोधत होती.

"बसणार ना पायरीवर?" मी विचारलं.

"कशाला?" ती म्हणाली. "तिची आई घेऊन गेली ना तिला."