संताजीराव आणि चार्ल्सटनची बग्गी

मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली, हे इंदुरात पुष्कळांना लागलं. पण संताजीरावांइतकं मनाला कुणी लावून घेतलं नसेल. ते नगरपालिकेच्या नळखात्यात कारकून. राजधानी इंदुरात राहिली असती तरी ते नळखात्यातच राहिले असते, पण हे त्यांना सांगणार कोण? "भोपाळात आहे काय? एक तलाव," ते म्हणायचे. मग जरा थांबून, "बरं, दोन." आणि त्या दुसऱ्या तलावाचा राग दिवसभर टिकायचा.

मी जवळच्या बेटमा गावच्या शाळेतून पास होऊन कॉलेजसाठी इंदुरात आलो आणि रामबागेत त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिलो. महिन्याभरात कळलं, की संताजीकाकांचा मत्सर हा आजार नव्हे, रोजचा व्यायाम आहे. शेजारी रेडिओ आला, की आमच्या घरी पेपर मोठ्यानं वाचला जायचा. द्वारकाकाकू म्हणायच्या, "दुसऱ्याच्या घरी ताप आला तरी ह्यांना वाटतं, आपल्याकडे का नाही आला!"

एका गोष्टीत मात्र काकांना कुणाचा हेवा करावा लागत नसे. इंदूर दाखवावं तर त्यांनीच. त्यांचे आजोबा होळकरांच्या पागेत दारोगा. त्या पागेतला एक नालसुद्धा घरात उरला नव्हता, पण ऐट शाबूत होती. मोहल्ल्यात कुणाकडेही पुण्या-नागपूरचा पाहुणा उतरला, की रविवारी तो काकांच्या हवाली व्हायचा. राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, काच मंदिर, फाटकाबाहेरून लालबाग, आणि शेवटी पोहे-जिलबी. मोहल्ल्याच्या गणेशोत्सवात एक संध्याकाळही त्यांचीच असायची. 'आमचं इंदूर' हे भाषण. विनोद दर वर्षी तेच. लोकांना कुठं हसायचं ते इतकं पाठ, की कधीकधी ते विनोदाच्या आधीच हसून मोकळे व्हायचे.

त्या वर्षी मंडळाच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं दिसलं : 'श्रीकृष्ण मास्तर. अमेरिकेतील चार्ल्सटन शहरात एक दिवस.' आणि वार तोच, काकांचा.

श्रीकृष्ण मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. एका कापडगिरणीत ते विणकाम खात्याचे मास्तर. बऱ्हाणपूरकडचे, इंदुरात येऊन काही वर्षंच झालेली. नवे माग शिकायला गिरणीनं त्यांना अमेरिकेत कॅरोलिना नावाच्या मुलुखात धाडलं होतं. तिथं एका सुट्टीच्या दिवशी ते जवळचं जुनं बंदराचं शहर बघून आले, तेच हे चार्ल्सटन.

काका तडक मंडळाचे चिटणीस बाबूराव यांच्याकडे गेले. बाबूराव म्हणाले, "संताजीराव, तुमचं तर हर साल असतंच ना! राजवाडा कुठं पळून चाललाय का? एक साल जरा दुसरं."

"एक दिवस राहिला तो तिथं. एक दिवस! अन् मी इंदुरात जन्मापासून राहतोय."

"म्हणूनच तर. तुम्हाला रोज ऐकतो आम्ही."

त्या रात्री जेवताना काकांनी फक्त भात मागितला. काकू मला म्हणाल्या, "बघ, अमेरिका पोटात गेलीय."

"जाऊ दे," काका म्हणाले. "भाषणानंतर प्रश्न विचारायची पद्धत आहे ना मंडळात? विचारतो मी."

व्याख्यानाला ही गर्दी! बायकांच्या बाजूला मास्तरांची बायको सरोजिनी नवं लुगडं नेसून पुढं बसलेली. काका पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून, तोंडावर नळखात्याची कळा.

मास्तर साधा माणूस, पण बोलला छान. घरं रस्त्याकडे पाठ फिरवल्यासारखी आडवी, त्यांना बाजूनं लांबलचक ओसऱ्या, लोखंडी जाळीची फाटकं, जुनी चर्चं, दगडगोट्यांचे रस्ते, पलीकडे समुद्र आणि त्यात एक किल्ला. पोरंसुद्धा गप्प. मागून कुणीतरी "वाह भिया!" म्हणालं. 'आमचं इंदूर'ला असं कुणी कधी म्हणालं नव्हतं. मी काकांकडे बघितलं. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल.

मग मास्तर म्हणाले, "आणि शहर दाखवायला तिथं बग्गी असते. दोन घोड्यांची."

काका खुर्चीत असे उसळले, की खुर्ची करकरली. माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "आमच्या आजोबानं महाराजांचे घोडे राखले. मी सायकल हाकतो. अन् हा सूत मोजणारा बग्गीत बसला! ते पण अमेरिकेत!"

मास्तर रंगात आले होते. "कोचमनच सगळी माहिती सांगतो. लाल चाकं, आऱ्यांवर पिवळी रेघ. मागच्या चाकाचा एक आरा नवा बसवलेला, त्याला रंग नव्हता. मागं टपाखाली छोटा कंदील लटकवलेला, तो सारखा हलायचा. असं आम्ही सगळं शहर बघितलं. समुद्राकाठची शेवटची गल्ली तेवढी वेळेअभावी राहिली."

टाळ्या पडत होत्या. काका मात्र एकाएकी शांत झाले. शेजारच्याचा नळ आटला हे कळल्यावर व्हायचे तसे. हळूच मला म्हणाले, "ऐकलंस? चाकं सांगतोय. मागचा कंदील सांगतोय."

"मग?"

"अरे, बग्गीत बसलेल्याला मागचं चाक दिसतं का कधी? त्याला घोड्यांचे कान दिसतात. हा बसलाच नाही. सापडला!"

बाबूरावांनी विचारलं, "कुणाला काही प्रश्न?" आणि काका उभे. अख्खं मंडळ हसायच्या तयारीनं वळलं. काका म्हणाले, "मास्तर, बग्गीत चढायला पायदान एक होतं की दोन?"

प्रश्न एवढासा. पण मास्तरांनी पाण्याचा गिलास उचलला, प्याले नाहीत, तसाच खाली ठेवला. "पायदान..." म्हणाले आणि थांबले. त्यांनी सरोजिनीकडे बघितलं. ती अभिमानानं हसत होती. तिला वाटलं, नवरा आठवतोय. मास्तरांच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याची शरम असती, तर काका पुढं गेले असते, हे मी खात्रीनं सांगतो. पण ती तसली शरम नव्हती. पंगतीत पानावर बसलेल्या माणसाला उठवावं, तसा चेहरा झाला होता.

काका उभेच. पुढचा प्रश्न ओठांवर होता, मला दिसत होता. मग ते खाकरले. "नाही, म्हणजे विचारलं अशासाठी, की आमच्या पागेतल्या बग्ग्यांना दोन असायची. तिकडेही दोनच असणार. बरोबर?"

"दोन," मास्तर म्हणाले. "दोनच."

"झालं तर. नक्कल आमचीच." काका खाली बसले. लोक मनापासून हसले, आणि तेही विनोदानंतर.

आरती झाल्यावर मास्तर आमच्या फाटकाशी आले. मला वाटलं, आभार मानतील. ते म्हणाले, "संताजीराव, पायदान किती होती, मला खरंच माहीत नाही."

"ते कळलं मला. पण का?"

"रांगेत उभा होतो, पैसे हातात. माझी पाळी आली तेव्हा कोचमननं माझ्या हाताकडे बघितलं. पैशांकडे नाही, हाताकडे. म्हणाला, जागा नाही. चार जागा रिकाम्या होत्या. मागच्या गोऱ्यांना बसवलं. काळ्या रंगाची माणसं तिथं रांगेतच नव्हती. त्यांना आधीच माहीत होतं. मलाच माहीत नव्हतं." मास्तर जरा हसले. "दिवस एकच होता हातात. घोडे हळू चालत होते, कोचमन मोठ्यानं सांगत होता. मग मी मागून चालत गेलो."

"सगळं शहर?"

"शेवटच्या गल्लीपर्यंत. तिथं त्यानं मागं वळून मला बघितलं आणि घोडे पळवले."

काकू ओसरीवर येऊन उभ्या होत्या. काका म्हणाले, "घोड्यामागं दिवसभर चाललात? बूट घालून?" त्यांच्या आवाजात पुन्हा तीच जुनी जळजळ आली. "आमच्या आजोबांनी तुम्हाला पागेत घेतलं असतं."

"सरोजिनीला सांगितलेलं नाही," मास्तर म्हणाले.

"मी नळखात्यात आहे," काका म्हणाले. "आमच्याकडून सहसा काही बाहेर येत नाही."

रविवारी सकाळी फाटकाशी टांगा उभा. काका पाहुण्यांना नेहमी पायी हिंडवायचे, टांगा कधी केल्याचं काकूंनाही आठवत नव्हतं. टांगेवाला म्हणाला, "आओ भिया, बैठो." मास्तर मागं चढू लागले, तर काकांनी त्यांचं बखोट धरलं.

"तुम्ही पुढं, कोचमनशेजारी. घोड्याचे कान दिसले पाहिजेत."

"आणि तुम्ही?"

"मी मागं. मला सगळं पाठ आहे."

टांग्यात मागं बसलेल्याचं तोंड उलट्या दिशेला असतं. त्यामुळे अख्ख्या फेरीत काका ओरडून सांगत होते, "आत्ता गेला तो राजवाडा! आत्ता गेल्या त्या छत्र्या!" आणि टांगेवाला मास्तरांना विचारत होता, "ये पीछेवाले भिया किसको समझा रिये हैं?" काच मंदिरात, लालबागेच्या फाटकाशी, जिथं म्हणून थांबता येईल तिथं टांगा थांबला. शेवटची गल्ली तर काकांनी दोनदा घ्यायला लावली.

इथं ही गोष्ट संपली असती तर काका मला थोर वाटले असते. पण पुढच्या गणपतीत फळ्यावर आलं : 'श्रीकृष्ण मास्तर. इंदुरात टांग्यातून एक दिवस.' बाबूरावांचं म्हणणं, लोकांचीच फर्माईश.

"माझं इंदूर!" काका घरभर फिरत होते. "टांगा माझा, पैसे माझे, पोहे माझे! अन् भाषण त्याचं?"

"जाऊ नका मग ऐकायला," काकू म्हणाल्या.

गेले. पहिल्या रांगेत बसले, हाताची घडी, कानाच्या पाळ्या लाल. मास्तर बोलले मागच्याहून झकास. घोड्याचे कान कसे मागं-पुढं व्हायचे, राजवाड्याचे मजले घोड्याच्या डोक्यावरून कसे वर वर येत गेले. लोक हसले, टाळ्या वाजल्या, "वाह भिया" झालं. प्रत्येक टाळीला काका माझ्या मांडीवर बोट टोचत होते.

घरी येताना वाटभर पुटपुट. "आवाज पडला होता त्याचा. काच मंदिराचं तर पार चुकलं." फाटकाशी मात्र थांबले.

"पण एक बघितलंस? चाकांबद्दल एक अक्षर बोलला नाही."

"नाही," मी म्हणालो.

"बसला होता," काका म्हणाले, आणि आत जाऊन काकूंना म्हणाले, "पुढच्या साली तो बोलला, तर मी मंडळ सोडतो!"