फिर्मांची शेवटची शार्दोने

फ्रान्समधल्या माकोंजवळच्या डोंगरउतारावरच्या त्या गावात गिस्लेन पेराशों खाणावळ चालवायची आणि तिचा नवरा फिर्मां द्राक्षांचा मळा बघायचा. तीस वर्षं दोघांचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. फिर्मांला आपली शार्दोने, म्हणजे पांढऱ्या द्राक्षांची वाइन, नव्या ओकच्या पिंपात मुरवायची हौस. तशी मुरली की तिला लोण्याचा, भाजलेल्या बदामाचा वास यायचा.

"तुझी वाइन माझ्या माशाला गिळून टाकते," गिस्लेन म्हणायची. "नदीच्या माशाला लिंबासारखी चुणचुणीत, हलकी वाइन लागते. ही जाडी बया सायीतल्या कोंबडीशेजारीच शोभेल."

"मग कोंबडी कर ना!"

त्या सप्टेंबरात पीक उदंड आलं. तळघरातल्या सगळ्या पिंपांतला रस एकदम आंबायला लागला. एका दुपारी फिर्मां वर आला आणि स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"डोकं जड झालंय गं. पाय लटपटतायत."

बाहेर चाळीस माणसं जेवायची खोळंबलेली. गिस्लेननं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "चाखून चाखून झिंगला असशील! जा, कामाला लाग."

तो खाली गेला. मेणबत्ती घ्यायची राहिली. आंबत्या रसाचा वायू जमिनीलगत साचतो, ज्योत विझली की जीव घेऊन पळायचं, हे त्या गावात सगळ्यांना ठाऊक. गिस्लेनलाही.

जेवणावळ उरकल्यावर तिनं हाका मारल्या. शेवटी धाकटा दीर ओबँ कमरेला दोर बांधून उतरला. फिर्मां शेवटच्या पिंपापाशी पालथा पडला होता.

"वहिनी, सगळा रस विकून टाक," मातीनंतर ओबँ म्हणाला.

"नाही."

ती रोज मेणबत्ती पुढं धरून खाली उतरली. पिंपं ढवळली, रसाची पातळी उतरली की वरून भरली.

फिर्मांच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या प्रार्थनेनंतर तिनं घरच्यांना जेवायला बोलावलं. कोंबडी सायीत शिजवली, अळंबी घातली आणि फिर्मांची वाइन पिंपातून काढून आणली. आधी लोणी आणि बदाम, मग खालून हिरव्या सफरचंदाचा आंबटपणा. तो सायीचा जडपणा कापत होता आणि पुढचा घास हवासा करत होता.

"आयुष्यातली सगळ्यात चांगली केली रे भावानं," ओबँचे डोळे भरून आले.

गिस्लेननं काटा खाली ठेवला. "तो वर आला होता. डोकं जड झालंय म्हणाला. मी त्याला दारुडा म्हटलं आणि परत खाली धाडलं."

कुणी घास उचलेना. ओबँ उठला, खुंटीवरची टोपी घेतली.

"वर्षभर गप्प बसलीस?"

"कुणी विचारलंच नाही."

त्यानंतर त्यानं तिचा उंबरा ओलांडला नाही. रस्त्यात समोर आली तर पलीकडच्या कडेनं जायचा. गिस्लेन आणखी अकरा वर्षं चुलीपाशी उभी राहिली. येईल त्याला मासा, मागेल त्याला कोंबडी. ती गेली तेव्हा ओबँ चर्चमध्ये आला खरा, पण अगदी मागच्या बाकावर बसला आणि माती द्यायच्या आधीच निघून गेला.